खिडकीच्या दोन बाजूंची कपाटे

स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना कपाटे बसवायची असतील, तर ती किती खोल असावीत आणि ओट्यापासून किती उंचीवर सुरू व्हावीत, हा प्रश्न मी सोडवायला घेतला होता. मला तो भूमितीचा वाटला. आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली, त्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक होते.

आमचे घर मल्लेश्वरममध्ये, पहिल्या मजल्यावर आहे. तेथे आम्ही दोघी राहतो, मी आणि माझी थोरली बहीण. तिला मी अक्का म्हणते. मूळच्या आम्ही बेळगावकडच्या. तीन वर्षांपूर्वी आलेल्या एका तापानंतर अक्काला वास येईनासा झाला, तो पुन्हा आलाच नाही. दूध करपले तर ते तिला डोळ्यांनी कळते. स्वयंपाक मात्र तीच करते. त्या कामावरून तिला उठवण्याचा विषय मी एकदाच काढला होता. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती.

म्हणून नव्या स्वयंपाकघराची आखणी करताना मी दोन अटी धरल्या. अक्काचे गुडघे दुखतात, तेव्हा कोणत्याही डब्यासाठी तिला स्टुलावर चढावे लागू नये, ही माझी अट. स्वयंपाक करताना तोंड पूर्वेला असावे, ही तिची. पूर्वेच्या भिंतीत चार फूट रुंदीची खिडकी आहे. शेगडी तिच्याखाली आली. खिडकीच्या चौकटीला लागून डावीकडे एक, उजवीकडे एक अशी सव्वा फूट खोलीची दोन कपाटे मी काढली आणि डबे हाताशी यावेत म्हणून ती थेट ओट्यावर टेकवली. ग्राफ पेपरवर एका चौकटीला एक इंच धरले होते. आकृती पाहून मला समाधान वाटले होते, हे कबूल करते.

मोजमापे मी संध्याकाळी घेतली, कारण दिवसा अक्का ओट्याशी असते. आमच्याकडे डास आत येण्यापूर्वी, उन्हे कलता कलताच, सगळ्या खिडक्या लावून घेतात. त्याही दिवशी त्या लावलेल्या होत्या. शेगडी नव्या जागी ठेवून मी पेटवूनही पाहिली. ज्योत निळी होती आणि सरळ उभी होती.

सुतार मेस्त्री निपाणीकडचा. त्याने कागद उलटा धरला, सुलटा धरला, आणि विचारले, "बाई, ह्यात तुमचं पुढचं दार कुठं हाय?"

"पुढचं दार हॉलमध्ये आहे. हा स्वयंपाकघराचा नकाशा आहे."

"ते खरं. पण खिडकीजवळची कपाटं आम्ही ओट्यावर टेकवत नाही. दीड फूट मोकळं सोडतो."

"का सोडता?"

तो डोके खाजवू लागला. "सोडतात, बाई. माझा गुरू सोडायचा."

"कारण सांगा, मग सोडते." मी वर्गात बोलावे तशी बोलले.

आतून अक्का हसली. "मेस्त्री, गप करा हो. हिच्या वर्गात कारण न देता पाणी प्यायलासुद्धा सोडत नव्हती."

"सरी, बरं," म्हणून त्याने कागद खिशात घातला, आणि कपाटे नकाशाबरहुकूम झाली.

आषाढ लागला. आमचे पुढचे दार पश्चिमेला आहे. बाहेरच्या लोखंडी जाळीच्या दाराला कडी घालून आतले लाकडी दार अक्का दिवसभर उघडे ठेवते. त्या दारातून वारा हॉलमध्ये शिरे आणि स्वयंपाकघरातून पूर्वेच्या खिडकीने बाहेर पडे. पूर्वी त्याला ओट्यावर भिंतभर जागा होती. आता दोन कपाटांमधल्या चार फुटांतूनच त्याला जावे लागत होते, आणि नेमकी तेथेच शेगडी होती. अरुंद बोळात वारा जोर धरतो, हे माझ्या वर्गातल्या कोणत्याही मुलीने मला सांगितले असते. माझ्या लक्षात आले ते एवढेच की, दिनदर्शिकेचे पान आता सारखे फडफडते.

एका दुपारी अक्का जेवता जेवता म्हणाली, "आज आमटीला दोनदा गॅस लावला बघ."

"का?"

"विझला होता. स्वल्प वारा असतोय की."

"मग ज्योत मोठी ठेवत जा," मी म्हणाले आणि ताक वाढून घेतले.

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. ज्योत मोठी ठेवायची म्हणजे बटण अधिक उघडायचे, आणि ती विझली तर गॅस अधिक वेगाने बाहेर पडायचा.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, मी भाजी घेऊन परत आले. जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या उरल्या असताना मला वास आला. वर लाकडी दार बंद होते. ते दिवसा कधीच बंद नसते. वाऱ्याने प्रथम ज्योत विझवली असावी आणि मग तेच दार आपटले असावे, म्हणजे आतला वारा थांबला आणि गॅस खोलीतच राहिला. सवयीने माझे बोट घंटीच्या बटणापर्यंत गेले. तेथून ते मागे कसे आले, मला सांगता येणार नाही. जाळीच्या दारातून हात घालून मी कडी काढली, पर्समधली किल्ली शोधली आणि दार उघडले.

अक्का शेगडीपुढे उभी होती. परातीत भाकरीचे पीठ मळलेले, तवा वर, आणि तिच्या हातात लायटर.

"आलीस? तवा गार पडलाय गं. पेटतोय का बघते."

"हात खाली!"

वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा तो आवाज मी निवृत्तीनंतर प्रथमच काढला. अक्काचा हात खाली आला. ती माझी थोरली बहीण आहे. तिच्यावर मी कधी ओरडले नव्हते. मी शेगडीचे बटण बंद केले, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, दिव्याच्या एकाही बटणाला हात लावला नाही आणि दार सताड उघडे ठेवून तिला बाहेर जिन्यावर नेऊन बसवले.

ती आपल्या हाताकडे पाहत होती. लायटर तिने अजून सोडलेला नव्हता.

"मला काहीच कळलं नाही गं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "किती वेळ झाला असेल?"

मला ठाऊक नव्हते. पीठ वरून सुकले होते, एवढे मी पाहिले होते.

मेस्त्री दुसऱ्या दिवशी आला. मी सर्व सांगितले. तो रागावला असता तर मला बरे वाटले असते. त्याने फक्त विचारले, "कुठनं कापायचं?" दोन्ही कपाटे खालून दीड फूट कापली. शेगडी वाऱ्याच्या वाटेतून काढून दक्षिणेच्या भिंतीशी नेली. अक्काने ते पाहिले.

"म्हणजे आता यमाकडं तोंड करून भाकऱ्या थापायच्या म्हण की."

 मग पदर खोचून ती पीठ मळायला बसली. शेगडी आम्ही नवी घेतली, ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी. भिंतीवर गॅसची गळती ओळखणारे यंत्रही बसवले आहे. त्याचा हिरवा दिवा मी दिवसातून किती वेळा पाहते, हे अक्काला माहीत नाही.

तर माझ्या प्रश्नाचे उत्तर असे: खिडकीलगतची कपाटे ओट्यावर टेकवू नयेत, दीड फूट मोकळे सोडावे, आणि शेगडी दार व खिडकी यांच्या सरळ रेषेत ठेवू नये. पण हे उत्तर आमच्या घराचे आहे. गेल्या आठवड्यात समोरच्या रिकाम्या जागेवर इमारतीचे खांब उभे राहू लागले, आणि दक्षिणेच्या शेगडीवरची ज्योत मला एकदा किंचित कललेली दिसली. अक्काला विचारले, तर तिला तसे काही वाटले नव्हते.

म्हणून विनंती आहे. आपल्या घरी स्वयंपाकाच्या वेळी सगळी दारे आणि खिडक्या उघडा. शेगडी आणि सिलिंडर बंद असल्याची खात्री करून, शेगडीच्या जागी पेटती उदबत्ती धरा आणि धूर कोणीकडे जातो ते पाहा. माझ्या आकृतीवर विश्वास ठेवू नका. कृपया स्वतः तपासा.