अनुभवाचा दाखला

माझं अक्षर चांगलं आहे. माझ्याबद्दल दवाखान्यात सांगितली जाणारी ही एकमेव चांगली गोष्ट, कारण बाकी मी फटकळ आहे, हे नव्या मुलींना पहिल्याच दिवशी कळतं. अक्षरामुळं रजिस्टर, रजेचे अर्ज, डिस्चार्जचे कागद, सगळं माझ्याच टेबलावर येऊन पडतं. गेल्या वर्षी त्याच अक्षरानं मी एका मुलीचं नुकसान केलं.

मी मूळची नांदेडची. नर्सिंगचा कोर्स तिथंच केला, लग्न होऊन लातूरला आले आणि या तीस खाटांच्या खाजगी दवाखान्यात इन्चार्ज सिस्टर होऊन रुतून बसले. ती मुलगी रेणापूरकडच्या एका खेड्यातली. नवीन आली तेव्हा सलाइन लावताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी म्हणाले होते, "सुई पेशंटला टोचायची हाय, तुला न्हाई. तू कामून रडायलीस?" वर्षभरात ती अशी तयार झाली की डॉक्टरही माझ्याऐवजी तिलाच हाक मारू लागले. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

आमच्यासारख्या दवाखान्यात नर्सला ठरलेला वॉर्ड नसतो. जिथं बोंब तिथं नर्स. ती सकाळी आयसीयूत व्हेंटिलेटरपाशी असायची, अकराला बाळंतपणात उभी राहायची, दुपारी ऑपरेशन थिएटरमध्ये. रिसेप्शनवाली सुट्टीवर असली तर फोनही हिनंच उचलायचे. यात काही वावगं आहे असं आम्हा कुणाला कधी वाटलं नाही. एकाच खोलीत आठ तास बसणारी नर्स आमच्याकडं कामचुकार ठरते.

तिला आखातात जायचं होतं. डबा खाताना कानात क्लास चालू, हातात पोळी, तोंडात इंग्रजी प्रश्नोत्तरं. हैदराबादला जाऊन तिनं तिकडची कॉम्प्युटरवरची परीक्षा दिली, पास झाली, आणि तिकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलनं आयसीयूसाठी तिची निवडही केली. अट एकच: दोन वर्षं आयसीयूचा अनुभव. तिच्या वडिलांना ती अप्पा म्हणायची. त्या अप्पांनी भावकीला सांगून ठेवलं होतं की नोकरी लागली तर पोरगी जाईल, नाही लागली तर दिवाळीनंतर लगीन. स्थळ बघून झालेलं होतं.

तिला तिकडं पाठवणाऱ्या एजंटनं अनुभवाच्या दाखल्याचा मजकूर पाठवला, डॉक्टरांनी लेटरहेडवर सही करून दिली: स्टाफ नर्स, आयसीयू. तो कागद मी पाहिला नव्हता. पुढं कागदपत्रं तपासणाऱ्या कंपनीचा मेल दवाखान्याला आला. डॉक्टर थिएटरमध्ये होते. आतूनच म्हणाले, "सिस्टरला द्या, त्यांचं अक्षर चांगलं आहे."

फॉर्मवर प्रश्न होता, यांनी कोणत्या विभागात काम केलं? पुढं बोटभर चौकट. मी आयसीयू लिहिलं, आणि मला ते फार तोकडं वाटलं. एवढंच का केलं पोरीनं? मग मी बाळंतपण लिहिलं, थिएटर लिहिलं, कॅज्युअल्टी लिहिलं. चौकट भरली तशी पान उलटलं. औसा रोडला जीप उलटली त्या दिवशी तिनं एकटीनं किती जखमी सांभाळले, ते लिहिलं. निळ्या पडलेल्या बाळाला तिनं श्वास दिला, तेही. माझं इंग्रजी मोडकंतोडकं, पण त्या दुपारी डिक्शनरी उघडून बसले. वाटलं, वाचणारा म्हणेल, अशी नर्स शोधून सापडायची नाही. शिक्का मारला, रिसेप्शनवालीकडून स्कॅन करून घेतलं आणि पाठवूनही दिलं.

काही आठवड्यांनी उत्तर आलं. दाखल्यात एक विभाग, दवाखान्याच्या उत्तरात चार. अनुभवाची खात्री पटत नाही. डॉक्टरांनी घाईघाईनं दुसरं पत्र पाठवलं, त्यानं आणखी बिघडलं. एकाच दवाखान्याची दोन तोंडं म्हटल्यावर त्यांनी फाइलच बंद केली. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली.

डॉक्टर मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "सिस्टर, एवढं खरं कुणी विचारलं होतं?"

स्टाफमध्ये कुजबुज झाली की बाईनं मुद्दाम केलं, पोरगी गेली असती तर हिचं कसं झालं असतं. मी दोघीतिघींना झापलं. पण इथं मला सतीसावित्रीचा आव आणायचा नाही. माझ्या ट्रंकेत एक पासपोर्ट आहे, एकही शिक्का न बसता मुदत संपलेला. लग्नाआधी मीही नांदेडच्या एका एजंटकडं खेपा घातल्या होत्या. ते पान लिहिताना माझ्या मनात पाप नव्हतं, हे मी कुणाचीही शपथ घेऊन सांगेन. पण उत्तर आलं त्या दिवशी, वाईट वाटायच्या आधी, क्षणभर मला हायसं वाटलं. ते मला अजून पचलेलं नाही.

ती मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. अप्पा मात्र आले. कपाळाला विभूती, हातात टोपी. मी चहा मागवला, त्यांनी घेतला नाही. मी सगळं समजावून सांगितलं, फॉर्म, चौकट, चार विभाग.

"मंजी पोरीनं जास्त काम केलं, ही चूक झाली म्हना की," ते म्हणाले.

मी म्हणाले, "चूक माझी हाय, अप्पा. तिला अजून दोन वर्षं द्या."

"एकदा मुदत मागून घेतली हुती लोकाकडनं. आता परत मागायला मला तोंड न्हाई, सिस्टर."

दिवाळीनंतर लग्न झालं नाही. तिनं स्थळाला स्वतः फोन करून नकार कळवला, तेव्हापासून अप्पा तिच्याशी बोलत नाहीत. नांदेडच्या एका मोठ्या हॉस्पिटलनं तिला घेतलं. तिथं आयसीयूची नर्स आयसीयूतच राहते. म्हणजे दोन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडची तीन वर्षं कुठल्याच मोजमापात नाहीत. तिथं जायला आमच्या दवाखान्याचं, ती इथं कामाला होती असं पत्र लागत होतं.

शेवटच्या दिवशी, ड्यूटी संपवून, ती लेटरहेड घेऊन माझ्या टेबलापाशी आली. समोर बसली. पेन तिनंच उघडून दिला.

"ताई," ती म्हणाली, "या बारीला कमी लिवा."

आवाजात राग नव्हता. एखाद्या हट्टी पेशंटला गोळी घ्या म्हणावं तशी म्हणाली. मी मान खाली घातली आणि लिहिलं की ही मुलगी आमच्याकडं तीन वर्षं स्टाफ नर्स म्हणून कामाला होती. एक ओळ. खाली अख्खं पान कोरं राहिलं. औसा रोड त्यात नव्हता, ते निळं बाळही नव्हतं. हात थांबवताना मला भरून आलं, आणि ते तिला दिसू नये म्हणून मी शिक्का शोधत बसले.

तिनं ती ओळ दोनदा वाचली. "बस, एवढंच पायजे," म्हणाली, आणि कागद घडी न घालता फाइलमध्ये ठेवला.

तेवढ्यात बाळंतपणाच्या खोलीतून मावशींनी हाक मारली, "सिस्टर, या लवकर." ती सवयीनं उठली, बाह्या सारायला लागली.

"बस तू," मी म्हणाले. "ते तुझं काम न्हाई आता."

ती खाली बसली. मी ग्लोव्हज घेतले आणि आत गेले.