मधल्या थरातलं लुगडं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईचं लुगडं त्या गोधडीच्या आत मी माझ्या हातानं घातलं.

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हाची गोष्ट. नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत मी कारकून होतो. मालकांच्या घरच्या वहिनींनी ठरवलं, जिल्ह्यातल्या सगळ्या जातीधर्मांच्या घरांतून जुने कपडे आणायचे, त्यांची एक मोठी गोधडी शिवायची आणि सभागृहात लावायची. विविधतेत एकता. आमच्या मांगवाड्यातून कपडे आणायचं काम माझ्याकडं.

आईनं हिरवं लुगडं काढलं. जिनिंगमध्ये कापूस निवडून, स्वतःच्या कमाईतून घेतलेलं पहिलं. पदराकडचा तुकडा सोड्यात धुतला, वाळवला, घडी घालून दिला.

वहिनींनी तो चिमटीत धरला. गोधडीवर इरकल होती, लमाण बायांचा आरशांचा तुकडा होता, मोहल्ल्यातून आलेली जरीची किनार होती.

"हे फार विटलंय रे. तुमच्याकडचं सगळं मधल्या थरात घालू. आत असलं म्हणून काय झालं, गोधडीतच आहे ना?"

टाके घालणाऱ्या बायका थांबल्या. कुणी हात लावेना.

"तूच अंथर," वहिनी म्हणाल्या.

मी अंथरलं. वर हसून "बराबर आहे वहिनी" असंही म्हणालो. नोकरी कच्ची होती, हे कारण मी पुढं वर्षानुवर्षं स्वतःला देत राहिलो.

उद्घाटनाला आई वाड्यातल्या बाया घेऊन आल्ती. मागं बसली.

"आपलं कोन्तं रे?"

मी लांबूनच एक हिरवा तुकडा दाखवला. "त्ये, खालच्या कोपऱ्यातलं."

दुसऱ्या कुणाचा तरी होता. वाटलं, इथूनच बघेल, खूश होईल, जाईल.

कार्यक्रम संपला आणि ती बायांना घेऊन थेट गोधडीपाशी. तुकडा बोटांनी चाचपला. तिचा चेहरा उतरला. तेवढ्यात वहिनी आल्या.

"अहो बाई, हात नका लावू. आमच्या सासूबाईंची इरकल आहे ती."

"पोरानं सांगितलं. माझं लुगडं हाय म्हनून."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "तिला कमी दिसतं."

मागून वाड्यातलीच एकजण बोलली, "जिनिंगात इरकल नेसून जात होती वाटतं." लोक हसले.

रिक्षात आई एवढंच बोलली, "मला बराबर दिसतं."

तेव्हापासून वाड्यात तिचं नाव पडलं, इरकलवाली. नळावर, लग्नात, मयतीतसुद्धा. तिनं ते ऐकून घेतलं. पोरगा खोटं बोलला, हे कुणाला सांगितलं नाही.

परवा वहिनींचा फोन आला. गोधडीचा पुन्हा सोहळा आहे, वाड्याच्या वतीनं दोन शब्द बोल.

मी म्हणालो, "बोलतो. आधी ती सगळ्यांसमोर उसवा. आमचे कपडे कुठं घातले, का घातले, तिथंच सांगतो."

"एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलास?"

"मंग माझं नाव काढा. आणि आमचे कपडे परत द्या. ते आणायला मी येणार आहे."

वहिनींना सांगून झालं. आईला अजून न्हाई. तिला दिसत होतं, खोटं मी बोललो, हे मला वाड्यात, त्याच बायांसमोर, तिच्याकडं बघून सांगायचं आहे. एवढं देणं माझ्यावर बाकी आहे.