नवताऱ्याच्या गणिताला पडलेलं भोक

ती कार्डं तारेला लटकलेली दिसली तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आजही आठवलं की होतो.

एकोणीसशे बहात्तरच्या आसपासची गोष्ट. मी पुण्यात नवताऱ्यांवर संशोधन करत होतो. नवतारा म्हणजे नुकता जन्मलेला तारा नव्हे, हे गावात सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं. तो असतो विझत आलेला म्हातारा. शेजारच्या ताऱ्याचा हायड्रोजन अंगावर साठवत बसतो आणि एक दिवस तो थर भडकतो. पुढे काही आठवड्यांत तो मंदावताना दिसतो. माझं म्हणणं, तो मंदावतच नाही! आत तेवढंच जळत असतं. बाहेर उडालेला वायू विरळ होत जातो, तसा उजेड आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांत सरकतो आणि शेवटी क्ष-किरण बाहेर पडतात. ते कधी पडतील याचं गणित मी मांडलं होतं. क्ष-किरण टिपणारा उपग्रह नुकताच वर गेला होता. त्याने काही पाहण्याआधी माझं उत्तर छापून यायला हवं होतं.

उत्तर काढणार होता कॉम्प्युटर, आणि त्याच्यावर वेळ मिळायला महिनोन्महिने लागत. गणिताची एकेक ओळ एकेका जाड कार्डावर भोकं पाडून लिहायची. भोक कुठे आहे त्यावरून मशीन आकडा ओळखायचं. माझा दिवस ठरला, तसा कार्डं तपासायला गठ्ठा घेऊन मी राहुरीजवळच्या देवळालीला घरी आलो.

माझे वडील, दादा, भारी टापटिपीचे. साखर कारखान्याची उसाची प्रत्येक पावती भिंतीवरच्या तारेत ओवलेली असायची. मी राहुरीला गेलो होतो, तेवढ्यात वाऱ्याने दोन कार्डं उडाली आणि दादांनी अख्खा गठ्ठा तारेत ओवला. मधोमध.

"उडून चालली हुती," दादा म्हणाले. "आन् भोकं तर हायेतच की त्याला. आजून एक पडलं तर काय बिघडतंय?"

मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

कार्डं नव्याने पाडायला आठवडा हवा होता आणि माझा दिवस परवावर आलेला. पुण्याला जाऊन मार्गदर्शकांना दिवस पुढे ढकलायची विनंती केली. "कार्डं गोठ्यात नेलीच कशाला?" असं म्हणून त्यांनी माझा वेळ दुसऱ्या विद्यार्थ्याला देऊन टाकला. गोठ्यात! आमच्या माजघराला गोठा म्हणणाऱ्या त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

घरी आलो ते धुमसतच. "पाळी गेली," एवढंच म्हणालो.

"कालव्याच्या पान्यासारखी पाळी आस्ती व्हय?" दादांनी विचारलं.

"तशीच."

दादांचा चेहरा उतरला. पाण्याची पाळी चुकली की काय होतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

चार-सहा दिवसांनी पुण्यात मार्गदर्शकांच्या खोलीत शिरलो तर समोर दादा. धुतलेलं धोतर, हात जोडलेले. "चूक माजी हाय, सायेब. पोराची पाळी पोराला द्या."

साहेबांनी कागदातून मानही वर केली नाही. "बघू," म्हणाले.

मी दादांना दंडाला धरून बाहेर काढलं. जिन्यात ते थांबले. चेहरा उजळला होता.

"बगू म्हनले न्हवं?" दादा म्हणाले. "मंग देतील."