कोनचा बिनक्लचचा ट्रक

माझा स्वभाव संशयी नाही. फक्त माणसांवर माझा विश्वास बसत नाही.

नव्वदच्या आसपास मी पनवेलला एका कचेरीत नोकरीला होतो. मेहुणा बाळाराम याच्याबरोबर भागीदारीत मी एक जुना परदेशी ट्रक घेतला, कुठल्याशा प्रकल्पावरून लिलावात निघालेला. त्याला क्लचच नव्हता. गिअर आपले आपण पडायचे. तो उभा असायचा जवळच्या कोन गावात, सासऱ्यांच्या अंगणात, म्हणजे बाळारामच्या डोळ्यांपुढे आणि माझ्या डोळ्यांआड.

पुढे असं होऊ लागलं की बाळारामने किल्ली फिरवली की ट्रक सुरू व्हायचा आणि मी फिरवली की ढिम्म. मी बायकोला म्हटलं, तुझ्या भावाने कुठेतरी चोरखटका बसवलाय. ती उठून चहा टाकायला गेली. म्हणजे तीही सामील असणार.

पळस्प्याच्या उस्मानभाई मिस्त्रींनी सांगितलं की गिअरबॉक्सच्या बाजूला एक स्विच असतो. दांडा न्यूट्रलला आहे असं त्याने कळवलं, तरच इंजिन सुरू होतं. तो झिजला होता. बाळाराम दांडा जरा हलवून किल्ली मारायचा, इतकंच. हे मला फारच सोपं वाटलं, म्हणून पटलं नाही. नवा स्विच मी स्वतः मुंबईहून आणला आणि मिस्त्रींनी तो बदलू नये म्हणून त्यावर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला.

रविवारी सकाळी उस्मानभाई ट्रकखाली शिरले. मला म्हणाले, वर बसून दांडा न्यूट्रलला धरा, स्विच त्याच जागेला जुळवून आवळायचा असतो. मी धरला. पण ठिपकेवालाच स्विच बसतोय ना, हे कोण बघणार? मी दारातून कमरेपर्यंत बाहेर वाकलो. (ठिपका दिसला. फार बरं वाटलं.) हातातला दांडा माझ्याबरोबर एक घर सरकून रिव्हर्सला गेला, ते मात्र दिसलं नाही, आणि खाली स्विच त्याच जागेला न्यूट्रल समजून आवळला गेला.

उस्मानभाई बाहेर आले, बाजूला झाले आणि म्हणाले, "मारा किल्ली."

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि ट्रक मागे निघाला. मागे पत्र्याची न्हाणी होती. न्हाणीत सासरे होते. माझा डावा पाय सवयीने क्लच शोधत राहिला. उजव्याला ब्रेक आठवेपर्यंत दोन पत्रे आडवे झाले होते आणि सासरे पंचा नेसून, तोंडाला साबण, हातात तांब्या, असे उघड्या अंगणात उभे होते.

"कोन हाय?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"भावोजी हायत, बाबा," बाळाराम धावत जाऊन म्हणाला. "तुमी आदी भिंतीकडं सरका. ते अजून गाडीतच हायत."

सासऱ्यांना खरचटलंसुद्धा नव्हतं. मी तिथूनच जाहीर केलं की मिस्त्रींनी स्विच उलटा बसवला. उस्मानभाईंनी फक्त दांड्याकडे बोट दाखवलं. तो रिव्हर्सला होता आणि त्यावर माझी मूठ घट्ट आवळलेली होती.

दुपारी जेवताना त्या प्रकाराबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. सासऱ्यांनी मला शेजारी बसवून घेतलं, सासूबाईंनी आग्रह करकरून वाढलं, बाळारामने पाण्याचा पेला हातात दिला. इतका चांगुलपणा बघितल्यावर मी वरणाचा वास घेऊन मगच पहिला घास घेतला.