ताटबाईंचा अर्धा पेढा

ताटबाई कुणाच्याही घरी आल्या की आधी भाकरीच्या टोपल्यात डोकावायच्या आणि मग माणसांची विचारपूस करायच्या. खरं तर त्या आमच्या गावच्या आरोग्यसेविका. पण पिशवीत गोळ्यांआधी रांगोळीची पुडी असायची. अंगणात बसून मोठ्ठं ताट काढायच्या. त्यात अर्ध्यात भाजी, पाव भागात भाकरी आणि पाव भागात डाळ. नाव पडायला एवढं पुरेसं होतं.

आमच्या अंगणात हे ताट जरा जास्तच वेळा निघायचं. कारण माझे वडील, अण्णा. थोरल्या काकांचा पाय साखरेपायी सोलापूरला कापावा लागला, त्याच वर्षी अण्णांच्या रक्तात साखर वाढू लागल्याचं निघालं. बाई म्हणाल्या, "अण्णा, शुगर अजून उंबऱ्यावरच हाय. आत घिऊ नका." आईचा चेहरा उतरला. मला तर रोज काकांची कुबडी दिसायची. अण्णा मात्र रांगोळीकडं बघत होते. "बाई, तुमची डाळ कोंबडीनं खाल्ली बगा."

"तिला न्हाय व्हायची शुगर. तुमी तुमचं बगा."

बाईंनी सांगितलं, चपात्या सोडा, ज्वारीची भाकर खा. महिन्यानं त्या आल्या तेव्हा अण्णा छाती काढून म्हणाले, "एक दिवस चुकवली न्हाय. रोज जेवण झालं की एक भाकर घेतो."

"जेवण झालं की? मग जेवणात काय असतंय?"

"चपात्या की! औषद उपाशीपोटी कसं घ्यावं?"

बाई भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. दुसऱ्या दिवसापासून मात्र आठ दिवस बरोबर जेवणाच्या वेळी हजर. अण्णांच्या समोर बसायच्या आणि चपातीकडं हात गेला की नुसतं खाकरायच्या. घरात सासू आल्यासारखं झालं, असं आई म्हणायची. पण चपात्या सुटल्या. पुढच्या तपासण्यांना साखर उंबऱ्यावरच राहिली.

बाई स्वतः धुतल्या तांदळासारख्या होत्या असं नाही. खव्याचा पेढा दिसला की त्यांचं शास्त्र पातळ व्हायचं. "अर्धाच घेते हं," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या. उरलेला अर्धा कागदात नीट गुंडाळायच्या आणि ओट्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत तोही संपवायच्या. अण्णांनी एकदा पकडलं तेव्हा म्हणाल्या, "कागद फाटका व्हता."

मागच्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि बाई गेल्या. इतक्या झटपट की कुणाचा विश्वास बसेना. मला अजून त्यांची फार आठवण येते.

तेराव्याला त्यांच्या आवडीचे म्हणून पानात पेढे वाढले. अण्णा पंगतीत आग्रह न मोडणारे, वाढप्यानं दोन ठेवले. अण्णांनी एक परत केला. दुसऱ्याचा अर्धा खाल्ला, अर्धा कागदात गुंडाळून खिशात टाकला. घरी परतताना वाटभर मी त्यांच्या हाताकडं बघत होते. हात खिशाकडं गेला नाही.

घरी आल्यावर ते अंगणात, बाई रांगोळी काढायच्या त्या जागी जाऊन बसले. खिशातली पुडी काढून उलगडली. पेढा तसाच होता.

"बाई असत्या तर दावला असता," अण्णा म्हणाले. "अर्धाच खाल्ला म्या."