बाभळीचा ठोकळा

आमची पोस्टिंग डोंगरातल्या एका चौकीवर होती. मी हवालदार माने, ड्रायव्हर, मूळचा मोडनिंबचा. माझा को-ड्रायव्हर नाईक बसवराज, अक्कलकोटकडचा. युनिटला नवी युटिलिटी गाडी मिळाली आणि ती आमच्या ताब्यात आली. रोज ०६०० ला रेशन आणि पाणी भरायचं, ०६४५ ला निघायचं, ०८०० ला वर पोचायचं.

बसवराज लोडिंगला पक्का होता. जड माल खाली आणि पुढं, दोर फुलीत बांधायचा, आणि चढावर गाडी थांबली की आधी मागच्या चाकाला ठोकळा. तो ठोकळा त्यानं रजेवरून येताना आणला होता. बाभळीचा, पाचरीसारखा तासलेला, वर तापल्या सळईनं कानडीत स्वतःचं नाव काढलेलं. मी चेष्टा करायचो, "लोक गावाकडनं शेंगाचटणी आणतात, तू लाकूड आणलंस." तो म्हणायचा, "उस्ताद, चटणी संपती. ह्यो संपत न्हाय."

त्या दिवशी ०६४० ला सुभेदारसाहेब आले. गाडी आधीच पूर्ण भरली होती.

"पाण्याचे आणखी दोन ड्रम चढवा."

"साहेब, लोड पूर्ण आहे."

"नवी गाडी हाय. त्यो ठोकळा-बिकळा उतरवा, जागा हुईल."

हुकूम तो हुकूम. ठोकळा खाली राहिला.

०७२५. तिसऱ्या वळणावर पुढं दरड पडली होती. ओल्या चढावर थांबलो. ब्रेक पूर्ण दाबलेला असताना गाडी मागं घसरू लागली. बसवराज उडी मारून उतरला, एक दगड उचलून मागच्या चाकाकडं धावला. दगड निसटला. गाडी त्याच्या अंगावरून गेली आणि डोंगराला टेकली.

"अल्फा टू कंट्रोल. वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"कंट्रोल. स्टेटस? ओव्हर."

सेट टाकून मी त्याच्याकडं धावलो. बसवराज गेला होता.

चौकशीत ठोकळा गाडीतच सापडला. सुभेदारांनी जबानी दिली, ठोकळा होता, बसवराजनं लावला नाही. मी खरं ते सांगितलं, पण माझा शब्द एकट्याचा. निष्काळजीपणा मेलेल्याच्या नावावर चढला. त्याच्या बायकोनं, महादेवीवहिनींनी, अकरा वर्षं गावाची बोलणी ऐकली. ठोकळा मी मागून घेतला आणि जपून ठेवला. आठवण म्हणून नाही. सूड घ्यायचा म्हणून.

आता मी मोडनिंबजवळ एका गाड्यांच्या एजन्सीत आहे. नवी गाडी घेणाऱ्यांना माल भरून चढावर कशी चालवायची ते शिकवतो. गेल्या उन्हाळ्यात तिथं सुभेदार आले. उजनीच्या काठाला त्यांची केळीची बाग. माल वाहायला पिकअप घेतली होती, चालवणार होती त्यांची सून.

"काय माने, वळख हाय का?"

"आहे, साहेब."

तिथंच माझं ठरलं. गाडीत सिमेंटची पोती भरली, चढावर नेली. सुनेला बाजूला, लांब उभं केलं. जपून ठेवलेला तो ठोकळा सुभेदारांच्या हातात दिला.

"साहेब, मागच्या चाकाला लावा."

"नवी गाडी हाय की. ह्यो कशाला लागतोय?"

तेच शब्द.

"लावा."

ते कुरकुरत वाकले. मी गाडीत बसलो. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली, पाय ब्रेकवर. आरशात त्यांचं पांढरं डोकं दिसत होतं, बरोबर चाकामागं.

लोकांना वाटतं, फौजी माणूस शिस्तीचा, राग गिळतो. मी पाय उचलला. चुकून नाही, मुद्दाम उचलला.

गाडी करकरली आणि जागच्या जागी राहिली. ठोकळ्यानं धरली होती.

हँडब्रेक ओढून खाली उतरलो. सुभेदार चाकाशीच बसले होते. लावताना जे पाहिलं नव्हतं ते आता पाहत होते. कानडी त्यांना येत नव्हतं, पण ती अक्षरं ते विसरले नव्हते.

"ह्यो... त्याचा?"

"त्या दिवशी कुठं होता हा? सुनेसमोर सांगा."

सून जवळ येऊन उभी राहिली. सुभेदार म्हणाले, "जमिनीवर. मीच उतरवाया लावला. मागनं गाडीत बी मीच टाकला."

मी वहिनींना फोन लावला आणि तेच सुभेदारांना पुन्हा सांगायला लावलं. माफ मी केलेलं नाही, करणारही नाही.

फोन परत घेतला. वहिनींनी एवढंच विचारलं, "ह्यांच्याकडं ठोकळा असता, तर गाडी थांबली असती का हो, अण्णा?"

"थांबली असती, वहिनी. आज थांबली."