दाराची करकर

मास्तरांचा मत्सर माणसांपुरता असता तर एक वेळ चाललं असतं. पण हा गृहस्थ दारावर जळत होता हो, दारावर!

तसा गिटारवर हात असा, की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हावा. सात जणांचा जॅझ बँड बावीस वर्षं टिकवला, तोही त्यातले दोन सॅक्सोफोनवाले एकमेकांचं तोंड बघत नसताना. शिवाय नाटकांना संगीत. पण घरात कौतुक सगळं थोरल्या भावाचं. तो नाटकांचे सेट उभारणारा सुतार. त्याने साधं स्टूल ठोकलं तरी आई शेजारणींना बोलावून त्यावर बसवणार. मास्तरांनी काही वाजवलं की म्हणणार, "छान आहे रे, जरा हळू वाजव."

नव्या नाटकाच्या शेवटासाठी मास्तरांनी दोन महिने खपून एक धून बांधली. नायिका दाराकडे पाठ करून बसलेली, नवरा परत येतो, ती वळते, पडदा. पहिल्या प्रयोगाला आई येणार होती. तिने ही धून ऐकावी आणि एकदा तरी धाकट्याकडे कौतुकाने बघावं, एवढीच त्या पन्नाशीतल्या माणसाची इच्छा.

आणि तालमीत थोरल्याने सेटवर बसवलेलं दार करकरलं. लांबलचक, चढत जाणारी करकर. दिग्दर्शिका ताडकन उठल्या. "हेच! मास्तर, इथे धून नको. नुसतं दार."

"तेल घालायचं राहिलंय हो," थोरला ओशाळून म्हणाला.

"खबरदार तेल घातलंत तर!"

मास्तर वरवर हसले, पण अंगाचा नुसता तिळपापड. लहानपणी सायकल थोरल्याची, शाबासकी थोरल्याची, आणि आता शेवटचा सूरही थोरल्याच्या बिजागरीचा! पहिल्या प्रयोगाच्या दुपारी सगळे जेवायला गेले, आणि शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन हा थोर कलावंत दारापाशी गुडघ्यांवर बसला. तिन्ही बिजागऱ्यांना यथेच्छ तेल पाजलं. लाज वाटली का? छे, शीळ घालत होता.

संध्याकाळी तो प्रसंग आला. दार उघडलं, अगदी गुपचूप. नवरा दारात उभा. नायिका करकर ऐकून वळायची, ती तशीच पाठ करून बसलेली. प्रेक्षकांत कोणीतरी खाकरलं. रंगमंचाच्या कडेला बँडसोबत बसलेल्या मास्तरांना समोरच्या विंगेतला थोरला दिसला. चेहरा पांढराफटक. सायकलवरून पडल्यावर व्हायचा तसा.

मास्तरांनी विचार केलाच नाही. हात जाड तारेवर गेला, नख तारेवर घासत वर, आणखी वर सरकलं. लांबलचक, चढत जाणारी करकर. नायिका वळली. पडदा. टाळ्या थांबेनात.

आई पडद्यामागे आली ती थेट थोरल्याचा हात धरून. "काय बोललं रे तुझं दार! काटा आला अंगावर." मग धाकट्याकडे बघून म्हणाली, "तुझंही छान होतं हो."

आई पुढे गेल्यावर थोरल्याने दोन बोटं मास्तरांसमोर धरली. तेलाने चकचकत होती.

"दादा, मी..."

"बिजागऱ्या मी पुसणार नाही," थोरला म्हणाला. "चाळीस प्रयोग लागलेत. चाळीसच्या चाळीस वेळा दार तूच वाजवायचंस. आणि आईला सांगायचं नाही."